खार ओरडत होती तोवर

ताई, आज सकाळी पुन्हा खार ओरडली आणि माझ्या हातातली मेथीची जुडी सुटून खाली पडली. आवाज विहिरीपलीकडच्या जामाच्या झाडावरून येत होता. तू गेलीस त्या दिवशीही तिथूनच येत होता. तुला जाऊन सव्वा महिना झाला, आणि या सव्वा महिन्यात ती जेव्हा जेव्हा ओरडली तेव्हा माझं हेच झालं. आधी हात थांबतात, मग मी उठते, आणि उठून तिथंच उभी राहते. पाय पुढे जात नाहीत. शेजारच्या मळ्यातल्या बायका म्हणतात, बेबीनं बहिणीचं दुःख फार मनाला लावून घेतलं. दुःख आहेच गं. पण हे जे होतं ते दुःख नाही. ती भीती आहे, आणि ती कसली आहे हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तू चौथीत शाळा सोडलीस आणि मला दहावीपर्यंत जाऊ दिलंस, तेव्हापासून आपल्या दोघींतलं लिहायचं काम माझं. माहेरी पत्र लिहायचं झालं की मी लिहायचे आणि तू शेजारी बसून म्हणायचीस, "वाचून दाखव, पाहू काय काय खोटं लिवलं." आज वाचून दाखवायला तू नाहीस, पण खोटं लिहायची माझी हिंमतही नाही.

त्या दिवसाचं सगळ्यांना ठाऊक आहे तेवढं आधी सांगते. भाजीची पहिली खेप घेऊन भाऊजी आणि आमचे हे मंगरूळपीरच्या बाजाराला गेले होते. तुझी सून शीतल आठ दिवसांसाठी कारंज्याला माहेरी. मळ्यात आपण दोघीच. दुसऱ्या खेपेची मेथी आपण निंबाखाली बसून बांधत होतो. तू मध्येच छातीवरून हात फिरवलास. मी विचारलं, "काय होते वं?" तू म्हणालीस, "आग आग होऊन राह्यली. रातच्या ठेच्यानं असंन." मग फावडं उचललंस आणि कांद्याच्या वाफ्यांचं पाणी वळवायला निघालीस. "बारं मोडून येतो," म्हणालीस. हे तुझं शेवटचं बोलणं. इतकं साधं बोलून कुणी जातं का, ताई?

थोड्या वेळानं खार ओरडायला लागली. चिक्, चिक्, चिक्, एकसारखी, दम न घेता. मी ऐकलं. ऐकून मान खाली घातली आणि जुड्या बांधत राहिले. पाटीभर मेथी होती, ती सगळी बांधून झाली तरी ती ओरडतच होती. मग एकदम चूप झाली. ती चूप झाली तशी मी हातातली जुडी ठेवली, उठले आणि विहिरीकडे गेले. तू जामाखाली कुशीवर पडली होतीस. एक हात पाटात होता आणि पाणी त्याला वळसा घालून भलत्याच वाफ्यात चाललं होतं. खरं सांगते, मी आधी चिडले. ही बाई इथं आडवी झाली आणि तिकडे कांदे बुडाले, असं मनात आलं. तुझा खांदा धरून हलवला तेव्हा अंग गरम होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. किती वेळ झाला असेल, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माहीत नाही. मग तेच म्हणाले, बहुतेक जागीच गेल्या असतील. त्या एका वाक्यावर भाऊजी आजपर्यंत उभे आहेत. तेरवीला जो येईल त्याला तेच सांगत होते, "झटक्यात गेली. हाल नाई झाले तिचे." लोकही म्हणायचे, भाग्याचं मरण. मी बाजूला बसून मान हलवायचे, आणि मान हलवता हलवता मला वाटायचं, जर ही झटक्यात गेली तर पाटीभर मेथी बांधून होईपर्यंत खार कुणावर ओरडत होती?

हा घोळ तुझाच आहे. खारीचं सगळं तूच मला शिकवलंस.

आठवतं का, मालेगावकडच्या आपल्या माहेरच्या वाडीत दोडक्याचा मांडव होता. मी आठ वर्षांची, तू अकराची. मांडवाच्या तारेला सापाची कात लोंबत होती, ती मी पाहिली आणि त्या दिवसापासून मांडवात पाय ठेवायला तयार होईना. बाबांनी माझ्यावर काठी उचलली. तू मला हाताला धरून बांधावर नेऊन बसवलंस. समोरच्या बाभळीवर एक खार शेपटी झटकत ओरडत होती. दर चिक्‌ला शेपटीचा एक झटका. खाली गवतात मांजर बसलं होतं, तेही तू मला बोटानं दाखवलंस. आणि मग म्हणालीस, "आयक बेबे. ते वरडून राह्यली ना, म्हंजे तिले जनावर दिसून राह्यलं. तिचा डोळा त्याच्यावर हाये. ते वरडते तवर तू खुशाल दोडके तोड. चूप झाली का मंग हात थांबव अन् उठ. मंग ते कुठं गेलं, तिलेई ठावं नाई."

मी मांडवात गेले. दोडके तोडले. बाहेर ती ओरडत होती आणि मला वाटत होतं, कुणीतरी माझ्यासाठी जागं आहे. त्या दिवसापासून चाळीस वर्षं मी याच हिशेबानं मातीत हात घातले. भेंडीत, काकडीच्या वेलात, उसाच्या पाचटात. ओरडते तोवर काम, चूप झाली की उठायचं. एकदा तिचं चूप होणं ऐकून उठले आणि पाहते तर घोणस पाटाच्या कडेला येऊन पडलेली. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

पुढे तू एकेक आवाज वेगळा करून दिलास. नुसतं एकच बारीक टिच् झालं आणि सगळ्या खारी खोडाला चिकटल्या की वर शिकरा आहे. पहिल्यांदा तो आवाज ऐकवलास तेव्हा म्हणालीस, "आता तूई हालू नको," आणि आपण दोघी घमेली डोक्यावर घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या राहिलो. जसा काही शिकरा आपल्यालाच उचलणार होता. दोन खारी दात कटकटत एकमेकींच्या मागं खोडाभोवती फिरल्या की ते जामाचं भांडण. शाळेच्या पुस्तकात जामाला पेरू म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मंग त्या पुस्तकवाल्याले देजो नको." आणि ऊन तापायला लागायच्या दिवसांत एकच खार उंच फांदीवर बसून तासभर जोडीदाराला साद घालायची, तेव्हा तू माझ्याकडे डोळे मिचकावून विचारायचीस, "तुह्यावालाई असाच वरडते का वं?" माझं लग्न नवं होतं. मी लाजून मेले होते, आणि तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस.

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत एकदा खारीनं कापूस आणि सुतळीचं घर केलं. आत बोटाएवढी पिल्लं. त्यांचा चीं चीं आवाज मला ऐकूच आला नव्हता, तुला बांधावरून आला. तू ते घर उचलून टोपलीत ठेवलंस आणि टोपली निंबाला बांधलीस. पिल्लांची आई डोक्यावरच्या फांदीवर येऊन कलकलाट करत होती. तू तिला वर बघून म्हणत होतीस, "देतो वं बाई, खात नाई तुह्ये पोट्टे." पाच मिनिटांत ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे घेऊन गेली. तुझ्या टोपलीत एकही ठेवलं नाही. तू दिवसभर फुगून बसलीस.

माझं लग्न तुझ्याबरोबर एकाच मांडवात झालं तेही माझ्या भित्रेपणापायी. आई म्हणत होती, लहानीचं दोन साल थांबू द्या. तू अडून बसलीस, "ते एकटी कुठं राहीन? स्वतःच्या सावलीले भेते." दोन बहिणी दोन भावांना दिल्या, एका घरात. लोकांना वाटलं खर्च वाचवला. माझ्या भीतीला तू घर पाहून दिलंस हे फक्त मला माहीत आहे, आणि मी ते तुला एकदाही तोंडानं बोलून दाखवलं नाही. आपल्यात असं बोलायची रीत नव्हती. आज बोलते. तुझ्यामुळं मी जगले, ताई. नाहीतर माझ्यासारखी बाई कुठल्या तरी अनोळखी घरात दाराला कडी लावून बसली असती.

आता आपल्या भांडणाचं.

मागच्या हिवाळ्यात आपण वालाच्या शेंगा तोडत होतो. खार ओरडत होती आणि मी निर्धास्त वेलात हात घालत होते. तू माझ्याकडे बघून गालात हसलीस. मला एकदम शंका आली. मी विचारलं, "ताई, खरं सांग. हे खारीचं तुले कोणी सांगतलं? का मी दोडके तोडावे म्हणून तू मनानंच जमवलं?" तू हसायला लागलीस. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "सांगीन कधी." मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची बाई, नातवंडं असलेली, पण मला असा राग आला की संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. संध्याकाळी तू वाटीत गरम आळणाची भाजी घेऊन आलीस, आणि मी ती खाल्ली. भांडण तेवढ्यावर मिटलं. उत्तर तसंच राहिलं.

त्या उत्तराची मला आता भीती वाटते. रोज वाटते. भाकरी थापताना, बसमध्ये, आंघोळीचं पाणी अंगावर घेताना. जर तू ते मनानं जमवलं असशील, तर अकरा वर्षांच्या पोरीनं घाबरट बहिणीला धीर द्यायला रचलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून मी त्या दिवशी बसून राहिले, आणि तू पन्नास पावलांवर पडलीस. आणि जर ते खरं असेल, तर त्याहून वाईट. मग ती काहीतरी पाहून ओरडत होती. तिचा डोळा कशावर तरी होता. तिथं मांजर नव्हतं, साप नव्हता. तिथं तू होतीस.

तू मला हाक मारलीस का गं? हळू मारली असशील. तिच्या आवाजाखाली ती बुडाली असेल. तू हाक मारत होतीस आणि मी केतकीचा दोर दातात धरून जुड्या आवळत होते, असं डोळ्यांसमोर आलं की मी पुढ्यातलं ताट बाजूला सारते. आणि तुझ्यावर रागही येतो. छातीत आग होते आणि ही बाई फावडं घेऊन निघते. थोडं बसली असतीस. मला म्हणाली असतीस, तू जा बेबे पाणी वळवायला. मी गेले असते. कुरकुरत गेले असते, पण गेले असते.

आज सकाळी जुडी हातातून पडली तेव्हा मला स्वतःचीच किळस आली. किती दिवस असं उभं राहायचं? मी पाय उचलला. विहिरीपर्यंत गेले तर जामाखालून मांजर निघून गेलं. खार थोडा वेळ ओरडली, मग गप्प झाली. मला परत फिरता आलं असतं. पण ज्या जागी तू पडली होतीस ती जागा समोर होती, पाट कोरडा होता, आणि मला कळून घ्यायचं होतं. मी तिथं कुशीवर निजले. तू निजली होतीस तशी, एक हात पाटात टाकून. माती थंड होती. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बेबीचं डोकं फिरलं.

खार खोडावरून उलटी खाली आली. मला पाहिलं आणि वर पळाली, आणि सुरू झाली. चिक्, चिक्, चिक्. मी श्वाससुद्धा हळू घेत पडून राहिले. ती ओरडली, ओरडली, मग आवाज तुटक झाला, मग थांबला. थोड्या वेळानं जाम कुरतडल्याचा आवाज यायला लागला. त्याचे तुकडे माझ्या कानावर पडत होते. म्हणजे तिच्या लेखी मी आता ढेकूळ होते. मग मी पाटातला हात थोडा उचलला. ती लगेच सुरू झाली. हात ठेवला, निजून राहिले. काही वेळानं ती थांबली. पाय ओढला. पुन्हा सुरू.

तीनदा करून पाहिलं, ताई. तिन्ही वेळा तसंच.

तू खरं सांगितलं होतंस. एकही शब्द जमवलेला नव्हता. ती हलत्या जिवावर ओरडते आणि हलणं थांबलं की तिचं भय संपतं. म्हणजे त्या दिवशी पाटीभर मेथी बांधून होईपर्यंत तू हलत होतीस. तुझा हात पाण्यात हलत होता. तू उठायला बघत असशील. आणि ती ज्या क्षणी चूप झाली त्या क्षणी मी उठले, अगदी तू शिकवलं होतंस तसं. तू संपलीस तेव्हा मी निघाले.

मला उठता येईना. अंग थरथरत होतं, आणि मी थरथरत होते म्हणून वर ती ओरडतच होती, आणि ती ओरडत होती म्हणून मी आणखी थरथरत होते. किती वेळ गेला कळलं नाही. मग बांधावरून धाडधाड पावलं आली. शीतल होती. पायात चप्पल नाही, दोन्ही हात पिठाचे, पदर खांद्यावरून गळून मातीत ओढला जात होता. नात्यानं मी तिची चुलत सासू, पण तुझी बहीण म्हणून ती मला मावशीच म्हणते.

"मावशी! मावशी, काय झालं? कुठं लागलं?"

ती खाली बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या छातीवर हात ठेवून पाहिला. मी तिला विचारलं, "तू काहून आली?"

"खार वरडून राह्यली ना कवाची. चुलीपाशी आयकू येऊन राह्यलं होतं. मले वाटलं कोणाले काही झालं."

"मांजरासाठी वरडते ते, बाई. मांजर दिसलं का वरडते."

"असंन. मंग मांजर पाहून वापस गेली असती. त्याच्यात काय?"

ताई, या पोरीला खारीचं काही म्हणजे काही कळत नाही. कारंज्यात पेठेतल्या घरात वाढली. शिकरा कुठला, मांजर कुठलं, साद कुठली, तिला सगळं सारखंच. चुलीवर भाकरी टाकून ती पळत आली. ती भाकरी जळून कोळसा झाली, नंतर आम्ही पाहिली. त्या आठवड्यात ती माहेरी गेली नसती तर, हे माझ्या मनात आलं. तिच्या मनात आलं की नाही मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

तिथं बसूनच मी तिला सगळं सांगितलं. दोडक्याचा मांडव, पाटीभर मेथी, तुझा हात. ती मध्ये एकदाही म्हणाली नाही, "जाऊ द्या मावशी, झटक्यात गेल्या त्या." पिठाच्या हातानंच तिनं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बाबाइले नका सांगू." भाऊजींना मी सांगणार नाही. त्यांना झोप लागते आहे, लागू दे. पण तू झटक्यात गेली नाहीस हे आता मला माहीत आहे, शीतलला माहीत आहे, आणि तुला तर माहीतच होतं. तू एकटीच जाणत होतीस तोवर मला फार भीती वाटत होती. अजूनही वाटते. मी तुझ्याकडे माफी मागत नाही, कारण तू ती देशील हे मला माहीत आहे, आणि तसं सोप्यात सुटायला मला नको आहे.

दुपारी आम्ही दोघी निंबाखाली कोथिंबीर बांधत होतो. खार पुन्हा ओरडली. मी शीतलकडे पाहिलं नाही, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दोघींनी हातातलं टाकलं आणि पळालो. माझे गुडघे दुखतात, मी पळते म्हणजे काय पळते ते तुला माहीत आहे. तरी शीतलला धाप लागायच्या आत आम्ही झाडाखाली उभ्या होतो. वर खार शेपटी झटकत होती. खाली मांजर होतं.

निंबापासून जामापर्यंत पोचायला काहीच वेळ लागत नाही, ताई.